बिग सामी आणि आमचा आण्णा

लेकाला फुटबॉलच्या टर्फवरून आणायला जाते तेव्हा जाळीबाहेर बराच वेळ उभं राहावंच लागतं, कारण त्यांचं 'लास्ट गोल, लास्ट गोल' काही संपत नाही. परवा त्याच्याच टीममधला एक मुलगा आधीच बाहेर येऊन बसला होता, पाय मुरगळलेला, बूट काढून घोट्यावर बर्फाची पिशवी धरून. अंगात इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबची लाल जर्सी, पाठीवर व्हॅन डाइक, चार नंबर. मी सहज म्हटलं, अरे आमच्या वेळी हा नंबर सामी हिपियाचा होता. "कोण?" म्हणत त्याने फोन काढला, मला विचारत विचारत नाव टाईप केलं आणि पहिला जो व्हिडिओ आला तो लावला. मी पण वाकून बघायला लागले. कॉर्नर, हेडर, गोल. कॉर्नर, हेडर, गोल. मधेच इटलीच्या युव्हेंटसविरुद्धची ती व्हॉली, म्हणजे बॉल हवेत असतानाच पायाने मारलेली, मग परत कॉर्नर. व्हिडिओ संपला आणि त्याने अगदी मनापासून विचारलं, "काकू, हा स्ट्रायकर होता का?"

मी म्हटलं नाही रे, डिफेंडर, सेंटर बॅक, मागे मधोमध उभा राहणारा. तो म्हणाला, मग यात डिफेन्स कुठाय? तेवढ्यात पोरं बाहेर आली, घामाच्या वासाने गाडी भरली, घरी जायची घाई झाली आणि उत्तर राहूनच गेलं. पण पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री भांडी लावताना, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना सिग्नलला. लिव्हरपूलसाठी 464 मॅचेस खेळला हा माणूस आणि गोल केले 35. म्हणजे आजच्या मुलांपर्यंत पोचले ते फक्त 35 गोल, आणि आम्ही दहा वर्षं डोळे ताणून जे बघत होतो त्यातलं जवळजवळ काहीच पोचलं नाही.

आणि सामीची आठवण आली की मला आण्णाची येतेच, ते दोघं माझ्या डोक्यात वेगळे होतच नाहीत. आण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. कोल्हापूरचा, पेठेतला, तालमीच्या टीमचा स्टॉपर, म्हणजे सामीसारखाच मागे मधे खेळणारा. कोल्हापूरच्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्याकडे फुटबॉल हा टीव्हीवर बघायचा खेळ नंतर झाला, आधी तो राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचा खेळ होता. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं आम्हाला मँचेस्टर-बार्सिलोनाच्या कितीतरी आधी पाठ होती. आण्णा मला लहानपणी मोटरसायकलच्या टाकीवर बसवून मॅचला न्यायचा आणि ओळखीच्या कुणातरी काकांच्या शेजारी बसवून स्वतः आत जायचा. उन्हाने तापलेल्या पायरीचा चटका, भाजलेल्या शेंगांची टरफलं, मैदानावरची लाल धूळ, आणि समोरच्या पेठेच्या पोरांच्या आरोळ्या ज्या माझ्या कानावर पडू नयेत म्हणून ते काका मोठमोठ्याने खोकायचे.

1999 च्या सुमाराला माझ्या काकांच्या, म्हणजे आण्णाच्या घरी केबल आली आणि शनिवारी संध्याकाळी ईएसपीएनवर इंग्लंडच्या मॅचेस दिसायला लागल्या. टीव्हीसमोर दोन पार्ट्या असायच्या, आजीला तिची मालिका हवी असायची आणि आण्णाला मॅच. आण्णा लिव्हरपूलचा का झाला हे मला नक्की माहीत नाही, बहुतेक मायकेल ओवेनमुळे, तेव्हा सगळ्या जगाला ओवेनचं वेड होतं. पण दोन-तीन महिन्यांत त्याचं लक्ष ओवेनवरून उडालं आणि मागे उभ्या असलेल्या त्या उंच, पिवळ्या केसांच्या माणसावर बसलं. मला म्हणायचा, "आगं बॉलकडं बघू नगंस, त्या बारा नंबरकडं बघ." तेव्हा सामीचा नंबर बारा होता, चार नंतर झाला. मी म्हणायचे, तो तर काहीच करत नाहीये, नुसता चालतोय. आण्णा म्हणायचा, "त्योच तर खेळ हाय. पळायची येळच येऊ देत न्हाई त्यो."

मग मी त्याच्याकडेच बघायला लागले आणि हळूहळू दिसायला लागलं. पलीकडच्या विंगला बॉल गेला की सामी आधी बॉलकडे बघायचा, मग मान वळवून आपल्या स्ट्रायकरकडे, परत बॉलकडे, आणि हे बघताबघताच दोन पावलं मागे सरकलेला असायचा, ती पावलं कधी टाकली ते कळायचंच नाही. क्रॉस यायच्या आत त्याचा एक हात अलगद पाठीमागे जाऊन स्ट्रायकरच्या अंगाला लागायचा. ढकलायला नाही, तो कुठाय ते चाचपायला. मग उडी, खरं तर फार मोठी उडी नाहीच, सहा फूट चार इंच माणसाला ती लागतही नव्हती, पण मान मागे घेऊन कपाळाने बॉलवर असा ठोका द्यायचा की बॉल थेट हाफलाइनच्या आसपास. आणि खाली आल्यावर पुन्हा तसाच चालायला लागायचा. जमिनीवर लोळून घातलेले टॅकल त्याचे फार कमी. शॉर्ट्स बऱ्याचदा मॅचच्या शेवटपर्यंत पांढऱ्या असल्यासारख्या स्वच्छ. (लिव्हरपूलच्या शॉर्ट्स लाल असतात हे मला माहितीये, पण मला त्या आठवतात तशाच सांगतेय.) वेग त्याला नव्हता, हे खरंय, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत होतं म्हणून तो सगळं आधी करायचा.

तो लिव्हरपूलला आला कसा ती गोष्ट तर आण्णाला तोंडपाठ होती आणि तो ती गल्लीत प्रत्येकाला किमान एकदा ऐकवायचा. क्लबचा कारभार बघणाऱ्या पीटर रॉबिन्सनच्या ऑफिसात एक टीव्हीचा कॅमेरामन आला, युरोपभर फिरून मॅचेस शूट करणारा, आणि म्हणाला तुम्हाला डिफेंडर हवाय ना, मग हॉलंडमध्ये विलेम टू क्लबात एक फिनलंडचा पोरगा आहे, जाऊन बघा. बघितलं, आवडला, आणि 1999 च्या उन्हाळ्यात 26 लाख पौंडांत घेतला. इंग्लंडमध्ये नाव कुणाला माहीत नाही. विलेम टू त्याच वर्षी डच लीगमध्ये दुसरे आले होते, पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगला, युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, जाणार होते, आणि हा ते सोडून लिव्हरपूलला आला, जे तेव्हा चॅम्पियन्स लीगमध्ये नव्हते. आण्णाला या गोष्टीत काय आवडायचं ते मला फार नंतर समजलं. कोणीतरी कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभा होता आणि त्याने बॉलच्या मागे न जाता मागच्या माणसाला नीट बघितलं, हे त्याला आवडायचं. आण्णाकडे तसं कोणी बघितलं नव्हतं ना. गोल मारणाऱ्याला पेठेत खांद्यावर घेऊन मिरवायचे, गुलाल उधळायचे, आणि स्टॉपर आपली बॅग उचलून मागच्या मागे घरी.

2000-01 चा सीझन म्हणजे आमच्या घरातला सणच. तीन कप. कार्डिफच्या एफए कप फायनलला सगळं जग ओवेनचे शेवटचे दोन गोल आठवतं, 2-1, आर्सेनल हरले. पण त्याआधी आर्सेनलने लिव्हरपूलला अक्षरशः कोंडून ठेवलं होतं, आणि सामीने गोललाइनवरून बॉल बाहेर काढला नसता तर ओवेनला जिंकायला काही उरलंच नसतं. सामीच्या शेजारी स्टेफान ऑन्शो, स्वित्झर्लंडचा, सामीबरोबर 1999 च्याच उन्हाळ्यात आलेला. दोघंही स्लो, दोघंही शांत, आणि दोघांनी मिळून काय भिंत उभी केली होती. चार दिवसांनी डॉर्टमुंडमध्ये यूएफा कप, युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा, त्याची फायनल, अलावेसविरुद्ध 5-4 असला वेडा स्कोअर, आणि कप उचलला रॉबी फाउलर आणि सामीने दोघांनी मिळून. काकांच्या टीव्हीवर तो फोटोसारखा क्षण आला तेव्हा आण्णा उठून उभा राहिला. "स्टॉपरच्या हातात कप हाय बघ." एवढंच बोलला.

एक तारीख मला विसरता येत नाही. 5 एप्रिल. 2003 ला याच तारखेला मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मॅच सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती, त्यांचा व्हॅन निस्टलरॉय सुटला आणि सामीने त्याला मागून ओढला. पेनल्टी, रेड कार्ड, आणि पुढे 4-0 हरलो. कॅप्टन होता तो तेव्हा. मैदानातून बाहेर जातानाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो, रेफरीशी वाद नाही, हातवारे नाहीत, दंडावरची कॅप्टनची पट्टी काढत मान खाली घालून निघाला. मी रडले होते, खरंच. पुढच्या सीझनला, ऑक्टोबरमध्ये, कोच उलिएने कॅप्टनशिप काढून स्टीव्हन जेरार्डला दिली. आणि सामी? जेरार्डच्या मागे तसाच उभा राहून हेडर मारत राहिला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, 5 एप्रिल 2005, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटस. 1985 च्या हायझेल स्टेडियमच्या दुर्घटनेनंतर, जिथे या दोघांच्या फायनलआधी युव्हेंटसचे कितीतरी चाहते मेले होते, वीस वर्षांनी दोन्ही क्लब पहिल्यांदाच समोरासमोर, स्टँडमध्ये मैत्रीचा इटालियन शब्द लिहिलेलं ते मोझॅक, काही इटालियन्सनी पाठ फिरवलेली, सगळं वातावरण जड. दहाव्या मिनिटाला जेरार्डचा कॉर्नर, लुईस गार्सियाने डोक्याने पुढे ढकलला, आणि मागे मोकळा उभा असलेल्या सामीने डाव्या पायाने, हवेतल्या हवेत, जमिनीवर पडूच न देता. गोलमध्ये कोण तर बुफॉन. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले, आजी आतल्या खोलीत झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज बंद, आणि त्या मुक्या टीव्हीसमोर आण्णा आणि मी तोंडावर उशा दाबून ओरडतोय.

टर्फवरच्या मुलाने हाच गोल बघितला. बघण्यासारखाच आहे तो, पण मला विचाराल तर सामीची खरी मॅच त्यानंतर आठ दिवसांनी झाली, त्याच लढतीची दुसरी मॅच, युव्हेंटसच्या घरी ट्यूरिनला. स्कोअर 0-0. त्या मॅचचा कोणी व्हिडिओ बनवणार नाही कारण त्यात काही घडलंच नाही, आणि ते न घडू देण्यात सामी आणि त्याच्या शेजारचा डिफेंडर जेमी कॅरॅगर नव्वद मिनिटं राबले. युव्हेंटसला एक गोल पुरला असता, कारण पहिली मॅच आपण 2-1 जिंकलो असलो तरी त्यांनी ॲनफिल्डवर एक टाकलेला होता आणि बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावरचा गोल तेव्हा जास्त धरायचे. समोर इब्राहिमोविच. जेरार्ड त्या दिवशी नव्हताच. मुक्या टीव्हीवर मॅच बघितली की एक फायदा होतो, कॉमेंटेटर तुम्हाला बॉलकडे ओढत नाही. त्या रात्री मी पूर्ण मॅचभर चार नंबर बघितला. क्रॉस आला की पिवळं डोकं वर, बॉल बाहेर. क्रॉस आला की डोकं वर, बॉल बाहेर. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझी मान अवघडलेली होती. सहा आठवड्यांनी इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, त्याबद्दल लिहायची गरज नाही, ज्याने पाहिलं त्याला सगळं आठवतंय. फक्त एवढंच म्हणेन की एक्स्ट्रा टाइममध्ये पेटके आलेल्या पायाने आडवा पडणारा कॅरॅगर सगळ्यांना आठवतो आणि त्याच्या शेजारी पूर्ण 120 मिनिटं कोण उभं होतं ते सांगायला लोकांना दोन सेकंद जास्त लागतात.

पुण्यात आले, नोकरी लागली, लग्न झालं, इथे लिव्हरपूलवाल्यांचा एक घोळका भेटला. स्क्रीनिंगला जमतात, कुणी ठाण्याचा, कुणी गोव्याचा, एक बंगाली डॉक्टरीण आहे. एकदा बोलता बोलता सामीचा विषय निघाला तर गंमत अशी की प्रत्येकाला वेगळाच सामी आठवत होता. डॉक्टरीणबाईंना 2008 ची आर्सेनल, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, आर्सेनलने आधी गोल टाकलेला, ॲनफिल्ड गप्प, आणि तिसाव्या मिनिटाला याचं हेडर, मग शेवटी 4-2 जिंकलो. ठाण्याच्या मुलाला 2006 च्या एफए कप फायनलची शूटआउट, ज्यात सामीची पेनल्टी वेस्ट हॅमच्या गोलकीपरने अडवली होती आणि तरी आपण जिंकलो होतो. तो म्हणाला, मला तो त्या दिवशी जास्त आवडला, कारण पेनल्टी घ्यायला पुढे आला तोच दुसरा, लपला नाही. आणि गोव्याचा दादा, जो स्वतः गावच्या टीममध्ये बॅक खेळायचा, तो म्हणाला, मला गोल-बिल काही आठवत नाही, मला फक्त हे आठवतं की टीम शीटवर त्याचं नाव दिसलं की मी जेवायला बसायचो, नाहीतर ताट हातात घेऊन उभ्या-उभ्या बघायचो.

आता जे मला खरं सांगायचंय त्याच्याकडे येते, कारण ते सोपं नाहीये माझ्यासाठी.

2006 ला डॅनियल ॲगर आला, 2008 ला श्कर्टेल, दोघंही तरुण सेंटर बॅक. सामी पस्तिशीकडे निघाला होता. 2007 ला अथेन्सच्या चॅम्पियन्स लीग फायनलला तो बेंचवर होता, पूर्ण मॅच. मग 2008 च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचा कोच राफा बेनिटेझने चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजची यादी दिली आणि त्यात सामीचं नावच नाही. बेंचवर पण नाही, यादीतच नाही. हा तो माणूस ज्याने नोव्हेंबर 2001 ते फेब्रुवारी 2006 सलग 57 युरोपियन मॅचेस खेळल्या. यूएफा म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, तिचे यादीचे नियम असतात, किती जागा कुणाला ते ठरलेलं असतं, कोचला कुणाला तरी गाळावंच लागतं, हे सगळं मान्य. पण तेव्हा आम्ही सगळे फॅन काय म्हणत होतो? बघा, किती मोठा माणूस आहे, एक शब्द बोलला नाही. प्रेसमध्ये तक्रार नाही, एजंटची धमकी नाही, ट्रेनिंगला रोज वेळेवर. आम्ही त्याचं हेच कौतुक करत बसलो. खरा प्रोफेशनल, खरा सज्जन.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधी आण्णाचं झालं होतं. तालमीने बाहेरून एक स्टॉपर आणला, उंच, तरणा, पैसे देऊन. आण्णा तेव्हा तिशी ओलांडलेला, गुडघा कुरकुरत होता, पण खेळत होता व्यवस्थित. सीझनच्या पहिल्या मॅचला तो स्टेडियमवर गेला, किट घातलं, आणि तिथे त्याला कळलं की तो अकरात नाही. कुणी आधी सांगितलंही नाही. सबमध्ये बसला. त्या पूर्ण सीझनमध्ये तो हाफटाइमला पोरांना पाणी द्यायचा, लिंबू कापून द्यायचा, नव्या स्टॉपरला खांद्यावर हात टाकून समजावायचा की अमक्या पेठेचा फॉरवर्ड डाव्या पायाचा आहे, त्याला आत येऊ देऊ नकोस. पेठेत सगळे म्हणायचे, आण्णा म्हणजे नाद खुळा, मनाचा राजा माणूस. मी पण म्हणायचे, पुण्यातल्या मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे. आणि मग एका दिवाळीत वहिनी फराळाचे डबे भरता भरता बोलून गेल्या, त्या सीझनला मॅचच्या दिवशी हे रात्री जेवायचे नाहीत. पोट बिघडलंय म्हणायचे. दर मॅचला पोट कसं बिघडंल हो? चिवडा डब्यात भरत होत्या, माझ्याकडे बघितलं पण नाही, झाकण लावलं आणि पुढचा डबा घेतला.

तेव्हापासून मला शांत माणसाच्या कौतुकाबद्दल शंका यायला लागलीय. तो गप्प बसला म्हणून आपण त्याला मोठा म्हणतो, पण त्याच्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला? तालमीला झाला, कोचला झाला, आम्हा फॅन लोकांना झाला, कारण आम्हाला कुणाची बाजू घ्यायची वेळ आली नाही. जो आदळआपट करतो त्याच्यासाठी निदान दोन दिवस चर्चा तरी होते. मला सामी आवडतो तो त्याच्या त्या शांतपणामुळेच, ते मी नाकारत नाही, आणि तरी मनात येतं की एकदा तरी बेनिटेझच्या केबिनचं दार आपटून बाहेर यायला हवा होता तो. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी वाटतात आणि त्यातली एक निवडायची माझी तयारी नाही.

कारण मग 14 मार्च 2009 पण आठवतो. ओल्ड ट्रॅफर्ड. आपल्याकडे सव्वासहाची मॅच, उजेड असतानाची, आण्णा कामानिमित्त पुण्यात आलेला, आमच्याकडेच उतरला होता. वॉर्म-अप चालू असताना आपल्या उजव्या बाजूच्या डिफेंडरला, आर्बेलोआला लागलं आणि मॅच सुरू व्हायच्या तोंडावर टीम बदलली, कॅरॅगर उजवीकडे सरकला आणि मधे सामी. पस्तीस वर्षांचा, सीझनभर येऊनजाऊन असलेला माणूस, समोर रोनाल्डो, रूनी, तेवेझ, आणि मैदान तेच जिथे सहा वर्षांपूर्वी पाचव्या मिनिटाला बाहेर गेला होता. मी आण्णाकडे बघितलं, तो पुढे सरकून बसला होता, हातातला चहा तसाच. रोनाल्डोच्या पेनल्टीने आधी युनायटेड पुढे गेले. आणि मग जे झालं ते झालं, तोरेस, जेरार्ड, ऑरेलिओ, दोसेना, आपण 4-1. सगळे त्या दिवशी तोरेसने युनायटेडच्या विडिचला कसं छळलं तेच सांगतात. आण्णा मात्र मॅचभर एकाच माणसाबद्दल बोलत होता, स्वतःशीच. "आत घे त्याला... हां... आता सोड... आता सोड, जाऊ दे भाईर..." आणि सामी नेमकं तसंच करत होता, पुण्यातल्या सोफ्यावरून कोणी सांगावं आणि त्याने ऐकावं असं. शेवटी आण्णा पाठ टेकून बसला, गार झालेला चहा एका घोटात प्याला आणि म्हणाला, "दहा मिनटं आधी सांगितलं असंल त्येला. फकस्त दहा मिनटं."

सामी दर आठवड्याला तयार होऊन बसत होता म्हणूनच त्या दहा मिनिटांत उभा राहू शकला, हे मला दिसतं. आणि ती तयारी रोज करायची, खेळायला मिळणार नाही हे माहीत असून, यासाठी आतून काय लागत असेल ते आण्णाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्या सीझनला लिव्हरपूल 86 पॉइंट्स घेऊन दुसरे आले, लीगमध्ये फक्त दोन मॅच हरले आणि तरी दुसरे. शेवटची मॅच 24 मे ला ॲनफिल्डवर टॉटनहॅमविरुद्ध. सामी जाणार हे जाहीर झालेलं होतं. बेंचवर होता. दुसऱ्या हाफमध्ये पूर्ण स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं, बेनिटेझला ऐकू जावं म्हणून. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा जेरार्ड बाहेर आला, दंडावरची पट्टी काढून सामीला दिली, तीच पट्टी जी 2003 ला उलट दिशेने गेली होती. मॅच कधीच जिंकलेली, 3-1. कॉर्नरला वर गेला, एक हेडर मारलं, गोल झाला नाही. शिट्टी झाल्यावर टीममेट्सनी त्याला उचलून घेतला आणि तो रडला, लपवून नाही, अगदी उघड, लाल झालेल्या तोंडाने. दहा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर इतकं काही पहिल्यांदाच बघितलं मी. आण्णाला फोन केला तर तो म्हणाला बघतोय, ठेव. ठेवला.

क्लबच्या आठवणींत त्याला मान आहे, तिकडच्या लोकांना तो 'बिग सामी' म्हणून आठवतो. पण मला नेहमी वाटतं की त्याच्या देशाची गोष्ट पण यात धरायला हवी. कागदाच्या गिरण्यांच्या भागातला मुलगा, कुसानकोस्कीचा, मायपासारख्या छोट्या क्लबमधून वर आलेला, 1992 ला तिथे त्याच्याबरोबर यारी लिटमानेन होता आणि दोघांनी फिनलंडचा कप जिंकला, पुढे लिटमानेन थोडे दिवस लिव्हरपूललाही आला. देशासाठी शंभरहून जास्त मॅचेस खेळूनही त्या पिढीला एकही मोठी स्पर्धा खेळायला मिळाली नाही. फिनलंड पहिल्यांदा युरोला गेलं ते 2021 मध्ये, सामी तोपर्यंत केव्हाच रिटायर झालेला.

आणि 2009 बद्दल माझं मत आजही तेच आहे, स्क्रीनिंगवाल्या घोळक्यात मी यावरून भांडलेय पण. जाण्याचा निर्णय सामीचाच होता, त्याला खेळायचं होतं आणि इथे खेळायला मिळत नव्हतं. जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबने त्याला फुकटात नेलं. त्यांनी त्या सीझनच्या पहिल्या 24 लीग मॅचेसमध्ये एकही हरली नाही, छत्तिशीतला सामी मागे उभा. आपण ऑगस्टमध्ये पैसे मोजून किर्गियाकोस नावाचा डिफेंडर आणला, बिचारा जीव तोडून खेळला, त्याचा काही दोष नाही. पण त्या वर्षी आपण चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधूनच बाहेर गेलो आणि लीगमध्ये सातवे आलो. तो स्लो झालाय, संपला, असं म्हणणारे तेव्हा भरपूर होते, आजही भेटतात. त्यांना मी सांगते की लेव्हरकुसेनच्या त्या सीझनमधली कुठलीही एक मॅच लावा, गोल सोडून द्या, फक्त मागे बघा.